हिज गर्ल फ्रायडे

हिज गर्ल फ्रायडे : कोलंबिया पिक्चर्सचा कृष्णधवल अमेरिकन विनोदी चित्रपट (१९४०). दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, पटकथा चार्ल्स लेडरर, लांबी ९२ मिनिटे. पडद्यावरील रूपांतरात मूळ पात्राचे लिंग बदलण्याचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास दिले जाते.

मूळ नाटक ‘द फ्रंट पेज’ १९२८ मध्ये ब्रॉडवेवर आले. बेन हेक्ट व चार्ल्स मॅकआर्थर या लेखकांनी शिकागोत बातमीदारी केलेली होती. फौजदारी न्यायालयाच्या इमारतीतली वार्ताहरांची खोली, तिथले पत्ते, टेलिफोन आणि शिवराळ गप्पा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या. बातमीदार हिल्डी जॉन्सन हा नोकरी सोडून, पेगी नावाच्या मुलीशी लग्न करून न्यूयॉर्कला जायला निघाला आहे. संपादक वॉल्टर बर्न्सला तो सुटू द्यायचा नाही. तेवढ्यात फाशीची शिक्षा झालेला कैदी पळतो आणि हिल्डीचे पाऊल अडखळते. ल्युइस माइलस्टोनने १९३१ मध्ये केलेल्या पहिल्या चित्रपटात हिल्डी पुरुषच होता (पॅट ओब्रायन).

हॉक्सने हिल्डीचे संवाद एका बाईकडून वाचून घेतले, ते तिच्या तोंडी जास्त शोभले आणि तिथून बदल सुचला, असे तो सांगे. मात्र ही हकीकत तो दर वेळी थोडी वेगळी सांगे. तेव्हा ती जपूनच घ्यावी. नाव तेच राहिले, फक्त ‘हिल्डी’ आता हिल्डगार्डचे लघुरूप झाले. हिल्डी (रॉझलिंड रसेल) आणि वॉल्टर (कॅरी ग्रँट) हे घटस्फोटित नवराबायको ठरले, आणि खरी करामत इथे आहे. चांगला बातमीदार हातचा जाऊ नये म्हणून संपादकाने केलेली लबाडी आता बायको परत मिळवण्याची लबाडीही झाली. एकाच वाक्याला दोन अर्थ सुटू लागले. पेगीच्या जागी विम्याचा धंदा करणारा, छत्री जवळ बाळगणारा सज्जन ब्रूस (राल्फ बेलामी) आला. पेगीच्या आईच्या जागी त्याची आई आली. नाटकाच्या शेवटी वॉल्टर हिल्डीला घड्याळ भेट देतो आणि मग त्याच घड्याळाच्या चोरीचा आळ त्याच्यावर घेतो. चित्रपटात घड्याळाचा डाव बिचाऱ्या ब्रूसवर उलटवलेला आहे.

रसेलची हिल्डी पुरुषांच्या घोळक्यात बरोबरीने वावरते, तुरुंगातल्या माणसाला लाच देऊन कैद्याची मुलाखत मिळवते, आणि पुढे त्याच माणसाचा रस्त्यात पाठलाग करून त्याला खाली पाडते. पात्रे एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नाहीत. या वेगात तिचे बाईपण वेगळे सांगायला कुणाला सवडच मिळत नाही.

मराठी वाचकाला येथे स्त्रीपार्टी नट आठवतील, पण तो प्रकार निराळा. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) साळुंकेंनी तारामती केली, तेव्हा नट पुरुष असला तरी पात्र स्त्रीच होते. येथे पात्रच बदलले आहे.

वंशाच्या बाबतीत मात्र चित्रपट नाटकाच्या पुढे सरकत नाही. कैद्याने मारलेला पोलीस कृष्णवर्णीय आहे, आणि त्या खुनाचे महत्त्व निवडणुकीतल्या मतांपुरते. हा राजकारण्यांवरचा उपहास आहे हे खरे, पण मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलायला कथेत कुणीच नाही.

बिली वाइल्डरने १९७४ मध्ये हिल्डीला पुन्हा पुरुष केले (जॅक लेमन, वॉल्टर : वॉल्टर मॅथाऊ). ‘स्विचिंग चॅनल्स’मध्ये (१९८८) बातमीदार पुन्हा स्त्री झाली आणि वर्तमानपत्राची जागा दूरचित्रवाणीने घेतली. हॉक्सच्या चित्रपटाचा १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात समावेश झाला.

हिल्डीच्या मुक्ततेबद्दल बरेच लिहिले गेले आहे. लिहिणाऱ्याने शेवटचे दृश्य पुन्हा एकदा पाहावे : मधुचंद्राचा बेत संपाच्या बातमीसाठी वळवून वॉल्टर पुढे चालू लागतो, आणि जड बॅग सावरत मागून येते ती हिल्डी.