परक्या गोडीचे आकर्षण



गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर चावतो आणि गुढीला साखरेची गाठी बांधतो. म्हणजे वर्षाचा आरंभच आपण एका विलक्षण चवीने करतो. तरीही घरातील एखाद्या मुलाने टपालाने मागविलेला जपानी गोळ्यांचा पुडा फोडला, की वडील मंडळी नाक मुरडतात. हिरव्या चहाची वडी, खारवलेल्या आंबट फळाची गोळी, तांबड्या कडधान्याच्या गोड सारणाची मिठाई. हे कसले खाणे, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर इतिहासाला विचारावे, असे मी योजिले आहे.

उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारताची. आपल्या शर्करेची फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' झाली, आणि तेथून तो शब्द युरोपात गेला. आपल्या 'खंड' शब्दाचे फारसीत 'कंद' झाले व पुढे इंग्रजीत 'कँडी' झाले. मूल कँडी मागते तेव्हा ते परदेशी पोशाख केलेला आपलाच शब्द उच्चारीत असते! साखरेची विद्या शिकून घेण्यासाठी चीनच्या ताइझोंग सम्राटाने इ. स. ६४७ च्या सुमारास आपली माणसे मगधात धाडली होती. पुढे आठव्या शतकात साखर जपानात पोचली, ती मात्र औषध म्हणून. खाऊ म्हणून ती तेथे रुळावयास पुष्कळ शतके लागली.

त्या कथेत गोमंतकाचाही वाटा आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५४३ मध्ये ते जपानच्या किनाऱ्याला लागले. लुईस फ्रोइस नावाचा जेझुइट पाद्री १५४८ मध्ये गोव्यास आला. तेथेच त्याचे अध्ययन झाले आणि १५६३ मध्ये तो जपानात उतरला. १५६९ मध्ये क्योतो नगरात त्याने ओदा नोबुनागा या त्या काळच्या बलाढ्य सरदाराची भेट घेतली. त्या वेळी दिलेल्या नजराण्यात काचेच्या बरणीत भरलेले साखरेचे दाणे होते. पोर्तुगीज त्यांना 'कोन्फेइतु' म्हणत, जपान्यांनी त्याचे 'कोंपेइतो' केले.

पुढे जपानी कारागिरांनी हे दाणे स्वतः करावयास घेतले. सायकाकू या जपानी लेखकाच्या १६८८ च्या एका ग्रंथात नागासाकीच्या एका माणसाची गोष्ट आहे. कोंपेइतोच्या पोटात काय असते, याचा त्याने ध्यास घेतला, आणि अखेर तिळाचा दाणा हे त्यातले रहस्य त्याला उमगले. जपानने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना दार बंद केले. पण त्यांची मिठाई मात्र घरात ठेवून घेतली. आज जपानच्या राजघराण्यातील मंगल प्रसंगी लहानशा नक्षीदार डब्यांतून कोंपेइतोच वाटतात. पाहुणा गेला आणि त्याचा खाऊ कुळाचार झाला!

आता या कोंपेइतोची कृती ऐका. तापलेल्या तिरप्या कढईत बारीक दाणे फिरत राहतात, त्यांवर साखरेचा पाक थोडा थोडा घालतात, आणि सुमारे दोन आठवड्यांनी प्रत्येक दाण्याला चहूकडून बोंडे फुटतात. श्रोत्यांतील माताभगिनींना हे वर्णन ओळखीचे वाटले असेल. संक्रांतीचा काटेरी हलवा तो हाच. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, चमच्याने घातलेला पाक, आणि दाणे सतत फिरविणारी, चटके सोसणारी बोटे. थंडीत काटा चांगला येतो, म्हणून हे काम पौषातले. केवळ साम्यावरून वंशावळ जुळवू नये, हे मी जाणतो. पण पाक एकसारखा न बसता उंचवट्यावर अधिक चढतो, हा पदार्थाचा धर्म क्योतोत आणि हिंगोलीत एकच आहे. तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला याच काट्यांचे कुतूहल वाटले आणि त्याने त्यांवर लिहिलेही.

आणि आपला 'हलवा' हा शब्द तरी कोठला? तो अरबी. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या आपल्या भागात हलवा म्हटले की रव्याचा किंवा गाजराचाही डोळ्यांपुढे येतो. मराठी घराने तोच शब्द घेऊन तिळावर चढविला, त्याचे दागिने करून नव्या सुनेला व तान्ह्या बाळाला घातले, आणि वसमतच्या हळदीशेजारी हळदीकुंकवाच्या तबकात ठेवला. नाव परके, साखर आपली, संस्कार मराठी.

तात्पर्य काय? अनोळखी चवीचे आकर्षण हा आजच्या पिढीचा चाळा नव्हे. जिभेला नवे हवे असते. पण तिला ओळखीचा वाटाड्याही लागतो, आणि गोडी हा तो वाटाड्या होय. ज्याने पुरणपोळी खाल्ली, त्याने कडधान्याच्या गोड सारणाला भिण्याचे कारण नाही. ज्याने चिंच, गूळ, मीठ, तिखट कुटून केलेली गोळी चोखली, त्याला खारट-आंबट जपानी गोळी फार दूरची वाटणार नाही.

तेव्हा मुलांना खुशाल चाखू द्या. मला काळजी आहे ती निराळीच. जपानने चाखले आणि मग करावयास शिकले. आपण मात्र हलवा दुकानातून पुडीने आणतो, आणि तो करणाऱ्या हातांची संख्या घराघरांतून घटत चालली आहे. अशी विद्या ग्रंथात उतरविता येत नाही. पाक किती घालावा, हे पुस्तकापेक्षा बोटांना अधिक कळते. आपल्या गल्लीत एखादी आजी अजून हलवा करीत असेल, तर येत्या पौषात आपली मुलगी आणि आपला मुलगाही तिच्या शेगडीपाशी बसवा. जपानी गोळीचा पुडाही बरोबर नेण्यास हरकत नाही. आजींनाही तो चाखावासा वाटेल.