न्यूरोरेडिऑलॉजीची फेलोशिप : पालकांसाठी आणि रुग्णांसाठी माहिती

बेळगावच्या मराठी घरांतून दर वर्षी काही मुले वैद्यकीय शिक्षणाला जातात. एमडी झाल्यावर घरात नवे शब्द येतात : फेलोशिप, डीएम, सुपरस्पेशालिटी. आम्ही बँकेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज तपासत होतो, तेव्हा ‘फेलोशिप’ हा शब्द वाचून पुढे जात असू. हा एकच शब्द अगदी वेगवेगळ्या गोष्टींना लावतात, हे बरेच उशिरा कळले. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

हे डॉक्टर काय करतात?

मेंदू, मणका, मज्जारज्जू, मान आणि डोके यांचे सीटी व एमआरआय वाचून निदान करणारा तज्ज्ञ म्हणजे न्यूरोरेडिऑलॉजिस्ट. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी 1927 साली मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र प्रथम काढले. 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि कवटी न उघडता मेंदू दिसू लागला.

दिसणे आणि ओळखणे यांत मात्र अंतर आहे. झटके आलेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये कडेने चमकणारी छोटी गाठ दिसते. आपल्या देशात ती क्षयाची असू शकते, फीतकृमीच्या अळीची असू शकते किंवा कर्करोगाचीही असू शकते. पहिल्या दोन्हींवर बहुधा औषधे पुरतात, तिसरीचा मार्ग वेगळा. फिल्म एकच, पण वाचणाऱ्याच्या सरावावर रुग्णाचे पुढचे सारे अवलंबून.

या शाखेची दुसरी बाजू उपचाराची. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन अडकलेली गुठळी काढतात, किंवा फुगलेल्या रक्तवाहिनीत तारेचे वेटोळे भरतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या पक्षाघातात गुठळी काढण्याचा फायदा 2015 मध्ये पाच मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केला. हा उपचार साधारण पहिल्या सहा तासांत करतात, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला सर्वसाधारणपणे साडेचार तासांची मर्यादा धरतात.

वाट किती वर्षांची?

एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे आणि रेडिओडायग्नोसिसमध्ये एमडी किंवा डीएनबी तीन वर्षे. त्यापुढे डीएम केल्यास आणखी तीन. एकूण साडेअकरा वर्षे झाली, आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेला काळ यात धरलेला नाही. म्हणजे मूल तिशीला येते.

डीएम आणि फेलोशिप

डीएम ही विद्यापीठीय पदवी आहे. प्रवेश परीक्षा, तीन वर्षांचे काम, शेवटी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा, आणि वैद्यकीय परिषदेकडे वाढीव पात्रता म्हणून नोंद. दिल्लीचे एम्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था आणि आपल्याच राज्यातले बंगळूरचे निम्हान्स येथे ही सोय आहे. जागा मोजक्या, स्पर्धा देशभरची. निवड झालेल्यांना दरमहा वेतन मिळते.

फेलोशिपचे तसे नाही. एखाद्या रुग्णालयातले वर्ष-दोन वर्षांचे पूर्णवेळ काम हीही फेलोशिप, आणि काही आठवडे शेजारी उभे राहून पाहणे यालाही कोणी तेच नाव देतात. चांगल्या फेलोशिपमध्ये फेलो रोज स्कॅन वाचून प्राथमिक अहवाल लिहितो, वरिष्ठ तो तपासून सुधारतात आणि मग सही होते. बँकेत नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, तीच ही पद्धत. चुका दाखवणारा वरिष्ठ नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ नाही.

अमेरिकेतील व्यवस्था

तेथे एक वर्ष इंटर्नशिप, चार वर्षे रेडिऑलॉजी रेसिडेन्सी आणि त्यानंतर सामान्यतः एक वर्ष न्यूरोरेडिऑलॉजी फेलोशिप असते. मान्यताप्राप्त फेलोशिपनंतर अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिऑलॉजीची या उपशाखेची वेगळी परीक्षा देता येते. फेलोला तेथेही वेतन मिळते. आपल्याकडचे एमडी झालेले डॉक्टरही या फेलोशिपसाठी जातात, पण प्रत्यक्ष रुग्णसेवेसाठी तेथील परवाना परीक्षा द्याव्या लागतात. नुसती फेलोशिप करून तेथे कायम प्रॅक्टिस करता येईल असे गृहीत धरू नये. नियम बदलत असतात, म्हणून ते मूळ ठिकाणीच तपासावेत.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

1. कालावधी किती, आणि प्रमाणपत्र कोण देणार : विद्यापीठ, बोर्ड की फक्त रुग्णालय?
2. वेतन मिळणार की शुल्क भरायचे? शुल्क मोठे आणि मुदत छोटी असेल तर थांबून चौकशी करावी.
3. रोज किती स्कॅन स्वतः वाचायला मिळतील, आणि ते तपासणार कोण?
4. केवळ निदान शिकवतात की नळीद्वारे होणारे उपचारही?
5. आधीचे फेलो आज कोठे काम करतात? त्यांच्यापैकी एकाशी तरी बोलावे.

रुग्णाच्या नातेवाइकांनीही एक प्रश्न लक्षात ठेवावा. मेंदूचा गंभीर आजार असेल आणि मोठी शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर ‘हा एमआरआय न्यूरोरेडिऑलॉजिस्टने पाहिला आहे का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. त्यात कोणाचा अपमान नाही. फिल्मसोबत सीडीही मागून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाला सर्व चित्रे पाहता येतात. आणि चेहरा वाकडा झाला, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर सकाळची वाट न पाहता सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णाला थेट न्यावे.