पत्ता सापडेना म्हणून

जानेवारी १९९३ चा विषय निघाला की आमच्या गटातल्या वयस्क बायका अजून हळू आवाजात बोलतात. तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला. एसटी भरभरून लोक गावाकडं परतत होते आणि बायका स्टँडवर उभ्या राहून उतरणाऱ्यांची तोंडं बघत होत्या. आम्ही समन्वयक तेव्हा अगदी लहान, काहीजणी तर पाळण्यात. पण अशा वेळी शहरानं काय करावं आणि शहर कुठं कमी पडतं, हे त्या मुंबईकडं बघून कळतं. म्हणून आज त्याबद्दल बोलतोय.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदू माणसं घरात कोंडून जाळली. सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांच्या गोळ्यांनी मुसलमान मेले. दुःखाची वाटणी करायला आम्ही बसलेलो नाही.

चोर घरात शिरतो तो पैशासाठी. इथं मात्र नाव विचारून मारलं जातं. त्यामुळं ज्या घराला काही झालं नाही तेही हादरतं, कारण नाव तेच असतं. कितीतरी कुटुंबांनी वर्षानुवर्षांची वस्ती सोडली आणि आपल्या माणसांत राहायला गेली. मुंब्रा एवढं वाढलं त्याला हेही एक कारण. पत्ता बदलला, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं त्यावरच सगळं अडलं.

सुरुवातीला माणसं धावून आली. छावण्या उघडल्या, तांदूळ आला, चादरी आल्या, औषधं आली. नंतर मोहल्ला समित्या निघाल्या. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तसा प्रयोग केला होता आणि १९९२ ला भिवंडी शांत राहिली. मुंबईत पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांनी हे काम उचललं. बैठका पोलीस ठाण्यागणिक. बोलणं कशावर? पाणी, कचरा, गटार. आम्हाला यात नवल वाटलं नाही. गटाच्या बैठकीत भांडलेल्या दोघी नळाच्या विषयावर पुन्हा बोलायला लागतात, हे आपण पाहतोच.

पण ज्यांचं माणूस ना जिवंत सापडलं ना मेलेलं, त्यांचं काय? असे १६८ बेपत्ता. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर भरपाई कशी मागणार? बाई सवाष्ण की विधवा, हे तिलाच ठाऊक नाही. रेशनकार्डावर नाव मात्र त्याचंच. नवऱ्याचा दाखला नाही म्हणून एका कचेरीनं आमच्या गटातल्या एकीला सात खेपा घालायला लावल्या होत्या, आणि तिचा नवरा तर घरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गेला होता.

सरकारनं जुलै १९९८ मध्ये ठराव करून बेपत्तांच्या वारसांनाही दोन लाख देऊ केले. ६० कुटुंबांना ते मिळाले. १०८ राहिली. कारण दिलं की कुटुंबं दिलेल्या पत्त्यावर सापडत नाहीत. ती सापडणार कशी? ज्या पत्त्यावर मार खाल्ला तिथंच राहून नोटिशीची वाट कोण बघेल?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल आला. या १०८ कुटुंबांना शोधा आणि दोन लाख द्या, शिवाय २२ जानेवारी १९९९ पासून ९ टक्के व्याज द्या. व्याजाचा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. सरळव्याजानं वर्षाला १८ हजार. पावणेचोवीस वर्षांचे झाले सव्वाचार लाखांवर. मुदलाच्या दुपटीहून जास्त व्याज चढलं, एवढा उशीर. तोवर आई असेल तर गेली असेल आणि मांडीवरचं पोर तिशीला आलं असेल.

आम्हाला वाटतं, छावणीत चादर देणाऱ्या हातानंच एक वही ठेवली असती तर बरं झालं असतं. कोण कुठून आलं, कुणाकडं गेलं, माहेर कुठलं, एवढंच लिहायचं. बाईचा सासरचा पत्ता बदलतो, पण माहेरचं गाव ती विसरत नाही.

शोधावर देखरेख ठेवण्याचं काम न्यायालयानं राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या समितीकडं दिलं. याच प्राधिकरणाची समिती आपल्या तालुका कोर्टातही असते. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. जातीय अत्याचार किंवा दंगलीत होरपळलेल्या पुरुषालाही मिळतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. पुढच्या बुधवारी आमच्यातल्या दोघी तालुक्याला जाणार आहेत. कुणाची कागदपत्रं अडली असतील तर मंगळवारपर्यंत गटाच्या सचिवाकडं आणून द्या. जुना पत्ता आणि माहेरचं गाव, दोन्ही लिहा.