गहाणखताची चौकशी : १८७५ च्या सुप्यापासून आजच्या सावेडीपर्यंत

१/ अहिल्यानगरच्या सावेडीत, गुलमोहर रस्त्याला किंवा पाइपलाइन रस्त्याला, घर घेणाऱ्या कुटुंबाचा क्रम ठरलेला असतो. इसार दिला जातो, साठेखत होते, बँकेत फाईल जाते आणि प्रतीक्षा सुरू होते. वकील मागील तीस वर्षांचे दस्त तपासतो, मूल्यांकन होते, जमिनीवर कुणाचा बोजा आहे का ते पाहिले जाते. साठेखताची मुदत जवळ येते आणि मंजुरीचे पत्र मात्र येत नाही.

२/ दीडशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात गहाणखताला अशी प्रतीक्षा नव्हती. सावकाराच्या ओसरीवर कागद लिहिला जाई, निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी आणि जमीन गहाण पडे. त्या वेगाची किंमत काय होती, हे १८७५ साली दिसून आले.

३/ या व्यवहाराचा पाया इंग्रजी रयतवारीने घातला. १८३६ पासून इंदापुरात नव्या मोजणीची पद्धत लागू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि सारा भरण्याची जबाबदारी एकेका खातेदारावर आली. जमीन ही कर्जासाठी तारण ठेवता येणारी वस्तू बनली. सावेडीतील खरेदीखतात आज दिसणारा सर्व्हे नंबर हा त्याच पद्धतीचा वारसा आहे.

४/ १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव चढले आणि दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच नव्या आकारणीत अनेक तालुक्यांचा सारा वाढवला गेला. सावकारांनी हात आखडला आणि जुनी येणी मागण्यास सुरुवात केली.

५/ कायद्यानेही उलटाच परिणाम साधला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. सावकारांनी दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा मार्ग काढला. उदाहरणादाखल, शेकडा दरमहा दोन रुपये दराने घेतलेले १०० रुपये काहीच फेड न झाल्यास तीन वर्षांनी १७२ होतात, सहा वर्षांनी सुमारे २९६ आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक अशा नूतनीकरणापुढे निष्प्रभ ठरला, कारण व्याजच मुद्दल झाले होते.

६/ १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. (हे सुपे पुणे जिल्ह्यातील, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील, नगर-पुणे रस्त्यावरचे पारनेर तालुक्यातील सुपा नव्हे.) जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. रोखे आणि वह्या मागितल्या गेल्या व जाळल्या गेल्या. ज्या कागदाने जमीन बांधली होती, तो नष्ट करणे हाच उद्देश होता.

७/ वणवा अहमदनगर जिल्ह्यात पोहोचला. श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत हे तालुके त्यात सापडले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आला.

८/ त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त नोंदणी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, कर्जासाठी त्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील आकडा पाहून निकाल देऊ नये. व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा.

९/ संरक्षणालाही किंमत होती. सावकार कर्ज देण्यास कचरू लागले. काहींनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेतले आणि कर्ज फिटल्यावर जमीन परत करण्याचे केवळ तोंडी वचन दिले. पुढे ही पळवाट बुजवण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

१०/ विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी कृषी बँकेचा आग्रह धरला. लंडनहून त्या योजनेला मान्यता मिळाली नाही. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मार्ग मोकळा झाला. घरासाठी दीर्घ मुदतीचे संस्थात्मक कर्ज मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला आणखी अनेक दशके लागली; हुडको १९७० साली स्थापन झाली आणि एचडीएफसी १९७७ साली.

११/ सावेडीतील प्रतीक्षा या इतिहासाच्या प्रकाशात पाहावी लागते. १८७९ ची चौकशी ऋणकोसाठी होती. हे कर्ज न्याय्य आहे का, असा तिचा प्रश्न होता. बँकेची चौकशी मुख्यतः बँकेसाठी असते. हे कर्ज वसूल होईल का, असा तिचा प्रश्न आहे. सदोष मालकीचे घर या तपासणीत उघड झाले तर खरेदीदारही वाचतो, परंतु तो लाभ आनुषंगिक आहे.

१२/ ऋणकोच्या बाजूचा प्रश्न मात्र संपलेला नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य अटींचे विवरणपत्र बंधनकारक केले. व्याजासह सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर त्यात ऋणकोला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो. १८७५ चा कुणबी आपला कागद वाचू शकत नव्हता. आजचा ऋणको वाचू शकतो. पण मंजुरी आल्याच्या आनंदात कित्येक पानांवर न वाचताच सही होते. प्रतीक्षेचे ते आठवडे वाचनासाठी पुरेसे असतात.