सवलत कुणाला: घराला, गावाला की सिमकार्डाला? नवी मुंबईतून दिसणारा फोनचा इतिहास

अमेरिकेत १९८५ पासून 'लाइफलाइन' नावाची योजना आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने अर्ज करायचा, पात्रता दाखवायची, की त्याच्या फोन किंवा इंटरनेटच्या बिलातून दरमहा ठराविक रक्कम वजा होते. आता ती साधारणपणे ९.२५ डॉलरपर्यंत आहे. एका घराला एकच सवलत, हा तिचा मुख्य नियम.

आता तुर्भे स्टोअर किंवा दिघ्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. त्यांना आपल्याकडची अशी योजना शोधायची असेल तर? उत्पन्नाच्या निकषावर फोनचं बिल कमी करणारी देशव्यापी योजना आपल्याकडे नाही. पण म्हणून भारताने या प्रश्नाचा विचारच केला नाही, असं म्हणता येत नाही. विचार झाला, त्यासाठी कायदा झाला, निधीही उभा राहिला. तो या घरापर्यंत का आला नाही, हे समजून घ्यायचं तर एक साधी गोष्ट तपासावी लागते: प्रत्येक काळात सवलतीचं *एकक* काय होतं? घर, गाव, दुकान की सिमकार्ड?

रांग आणि पीपी नंबर

महानगर टेलिफोन निगम म्हणजे एमटीएनएल १ एप्रिल १९८६ पासून दिल्ली आणि मुंबईचे फोन सांभाळू लागलं. नवी मुंबईही त्याच्याच क्षेत्रात होती. त्या काळात सवलतीचा प्रश्न फार दूरचा होता, आधी फोन मिळायला हवा! १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात दिलेली स्थिती बघा: देशात सुमारे ८० लाख जोडण्या, प्रतीक्षायादीत सुमारे २५ लाख लोक, आणि दर शंभर माणसांमागे ०.८ फोन.

या रांगेत पैशाने पुढे जाता येत होतं. 'ओन युअर टेलिफोन' गटात मोठी अनामत भरली की नंबर लवकर लागे. महिन्याचं भाडंही एक्सचेंजच्या क्षमतेवर ठरायचं. एक्सचेंज जितकं मोठं, तितकं भाडं जास्त. म्हणजे मोठ्या शहरातल्या गरीब घराला भाडं मात्र मोठ्या शहराचंच. तिथे उत्पन्न कुणी विचारत नव्हतं.

मग लोकांनी काय केलं? 'पीपी नंबर' दिला. शेजाऱ्याचा किंवा वाण्याचा नंबर, पुढे कंसात 'पीपी'. लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर हे सर्रास दिसायचं. एक फोन आणि त्यावर अवलंबून असलेली अनेक घरं. ही सवलत शेजाऱ्याच्या मर्जीवर चालायची.

बूथ

सॅम पित्रोदा आणि १९८४ साली स्थापन झालेली सी-डॉट ही संस्था यांच्याभोवती जो विचार उभा राहिला, त्यात भर होता फोन जवळ असण्यावर. प्रत्येक घरात तो असलाच पाहिजे, असा आग्रह नव्हता. त्यातून पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली आले. १९९४ च्या धोरणाने तर शहरी भागात १९९७ पर्यंत दर ५०० माणसांमागे एक पीसीओ असं उद्दिष्टच ठेवलं. शहरी गरिबाला नजरेसमोर ठेवून मोजता येईल असं धोरण करण्याच्या सर्वात जवळ आपण इथे आलो होतो, असं मला वाटतं. इथे सवलतीचं एकक होतं दुकान. अनामत, भाडं, रांग हे सगळं बूथवाल्याने सोसायचं. गिऱ्हाइकाने फक्त बोलल्या मिनिटांचे पैसे द्यायचे.

कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. त्यातल्या अनेकांची गावं सातारा-सांगलीकडची. त्यांच्यासाठी गावाचा फोन म्हणजे एसटीडी. रात्री उशिरा एसटीडीचा दर दिवसाच्या पावपट व्हायचा, म्हणून बूथवर रात्रीच गर्दी. ही वेळेची सवलत सगळ्यांना होती, पण तिच्यासाठी रात्री ताटकळायचे ते घरी फोन नसलेले लोक. शिवाय घरातलं दुखणं, पैशाची नड, सगळं काचेपलीकडच्या रांगेसमोर बोलायचं. स्वस्त फोनची ही किंमत कुठल्याच दरपत्रकात दिसत नाही.

निधी आला, पण गावासाठी

१ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी लागू झाला. २००३ च्या कायदादुरुस्तीने त्याला वैधानिक रूप मिळालं. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के हिस्सा यासाठी बाजूला निघू लागला. मात्र कायद्यातली व्याख्या नीट वाचा: ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या लोकांना परवडणाऱ्या दरात सेवा. शहरी गरीब या व्याख्येतच नाहीत.

यामागे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. १९९९ च्या धोरणात ग्रामीण फोनघनता शंभरामागे ०.४ एवढीच नोंदवली आहे. लाखो गावांत एकही फोन नव्हता. त्यामुळे 'वंचित म्हणजे ग्रामीण' हे समीकरण पक्कं बसलं.

गंमत म्हणजे या निधीतून घरगुती जोडण्यांनाही अनुदान मिळालं. पण ते देशातल्या २,६४७ अल्पपल्ला आकारणी क्षेत्रांपैकी निवडलेल्या १,६८५ क्षेत्रांतल्या ग्रामीण घरांसाठी होतं, आणि ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या हातात पडायचं. निवड क्षेत्राची झाली, उत्पन्नाची नाही. त्या क्षेत्रातला बागायतदार आत आणि दिघ्यातला कंत्राटी कामगार बाहेर.

नवी मुंबईत हा पेच जास्तच उघडा पडतो. सिडकोची स्थापना १९७० ची. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे ही गावठाणं आजही गावंच म्हणवतात, पण १९९२ पासून ती महापालिकेत आहेत. शासनाच्या कागदावर 'शहरी' हा शिक्का बसला, की 'ग्रामीण' शब्दाला जोडलेलं अनुदान गेलं. घरातली मिळकत कितीही असो.

बाजाराने दिलेली सवलत

१९९५ मध्ये मोबाइल आला, पण सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं. त्याच वर्षी रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून हँडसेट देणारी योजना आणली. या कंपनीचं मोठं केंद्र होतं कोपरखैरण्यातच, माथाडींच्या वस्तीच्या जवळ. आणखी एक बदल फारसा कुणी सांगत नाही. परवान्यांच्या नकाशावर नवी मुंबई 'मुंबई' या सेवाक्षेत्रात आणि सातारा 'महाराष्ट्र' या वेगळ्या सेवाक्षेत्रात. २००५ मध्ये या दोघांतले कॉल राज्यांतर्गत धरायला परवानगी मिळाली. माथाडी कुटुंबाच्या दृष्टीने हा नकाशातला बदल कुठल्याही अनुदानापेक्षा मोठा होता.

मग दहा रुपयांचं रिचार्ज आणि मिस्ड कॉल. थोडे पैसे टाकून नंबर चालू ठेवायचा, कामाचे फोन घ्यायचे आणि आपण फक्त मिस्ड कॉल द्यायचा. बोलणाऱ्याच्या पैशांवर गरीब घराचा फोन जिवंत राहायचा. ही खरी सवलत होती, पण ती कुणाचा हक्क नव्हती. दरांच्या रचनेत राहिलेली ती एक फट होती.

ती फट बुजली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, पण २०१८ च्या अखेरीस इतर कंपन्यांनी ३५ रुपयांपासून सुरू होणारं किमान रिचार्ज आणलं. ते न केल्यास आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद. जुलै २०२४ मध्ये जिओचा २८ दिवसांचा सर्वात खालचा पॅक १५५ वरून १८९ रुपयांवर गेला, एअरटेलचा १७९ वरून १९९ वर. चार फोनच्या घराला १८९ ने ७५६ रुपये. आणि २८ दिवसांचा 'महिना' असल्याने वर्षातून तेरा वेळा!

डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. जिओचा असा पॅक ४४८ रुपयांचा, ८४ दिवसांसाठी. २८ दिवसांचा हिशेब केला तर सुमारे दीडशे रुपये, म्हणजे स्वस्तच. पण रोजंदारीवरच्या घराने एकदम ४४८ काढायचे कुठून? आणि नंबर बंद पडला तर फक्त बोलणं थांबत नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो.

आता काय बदललंय?

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' केलं आणि उद्दिष्टांत सेवा अपुरी असलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर *शहरी* भागही घातला. वीस वर्षांनी हा एक शब्द आला. पण एकक अजून 'भाग' हेच आहे, 'घर' नाही. नवी मुंबईत टॉवर भरपूर आहेत. इथली अडचण सिग्नलची नाही, रिचार्जची आहे. केरळने 'के-फोन' प्रकल्पात वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचं उद्दिष्ट ठेवलं, तिथे निदान कागदावर तरी एकक कुटुंब आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना मात्र पुन्हा दुकानाकडे वळते: वायफायचा पीसीओच म्हणा ना.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी

यातून पद्धतीबद्दल तीन गोष्टी घेता येतील.

एक, योजनेचं नाव वाचून थांबू नका, व्याख्येचं कलम वाचा. 'ग्रामीण' या एका शब्दाने कोण बाहेर राहिलं, हे निधीच्या खर्चाच्या तक्त्यात कधीच दिसणार नाही.

दोन, सरासरीपासून सावध राहा. फोनघनता म्हणजे शंभर माणसांमागे जोडण्या. मुंबई सेवाक्षेत्रात ती शंभराच्या वर आहे, कारण एकाकडे दोन-तीन सिम असतात. त्या आकड्यात रिचार्ज संपलेलं घर अदृश्य होतं.

तीन, सरकारी अहवालांत नसलेली साधनं शोधा. जुन्या लग्नपत्रिकांवरचे पीपी नंबर, पीसीओचालकांच्या आठवणी आणि वह्या, रिचार्जच्या दुकानातल्या उधारीच्या नोंदी. पीसीओ चालवणारे अनेकजण आता साठी-सत्तरीत आहेत, त्यामुळे हे काम फार लांबवता येणार नाही.

'गरिबांना इंटरनेट मिळतं का?' हा प्रश्न प्रस्तावासाठी फार मोठा आहे. त्याऐवजी असं विचारा: २०१८ नंतर कोपरखैरण्यातल्या माथाडी घरांनी कुणाचा नंबर चालू ठेवला आणि कुणाचा बंद पडू दिला? बाईचा, म्हाताऱ्याचा की शिकणाऱ्या मुलीचा? घर हे एकक धरलं की हा प्रश्न लगेच विचारता येतो. आतापर्यंतच्या धोरणाने तो विचारला नाही, आणि तुमच्या कामाला जागा तिथेच आहे.