मंडळाच्या कार्यक्रमांचे बहुकॅमेरा चित्रण : साहित्य आणणे, उभारणे आणि परत करणे

टावर चौकाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत आता दोघे ज्येष्ठच उरले आहेत. मुले पुणे, बंगळुरू किंवा परदेशात आहेत. गुडघ्यांमुळे हॉलचा जिना चढवत नाही, म्हणून गणेशोत्सवातले कीर्तन, कोजागिरी, नाट्यगीतांचा कार्यक्रम यांना येणे काहींनी सोडले आहे. त्यांना घरबसल्या कार्यक्रम दिसावा आणि पुढच्या पिढीसाठी त्याची नोंद राहावी, यासाठी मंडळ चित्रण करते. मंडळाकडे स्वतःचे साहित्य नाही. ते दर वेळी कोणाकडून तरी आणावे लागते. ही जबाबदारी घेणाऱ्या सभासदांसाठी हे टिपण.

हे टिपण का लिहिले

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आपल्यातल्या एका ज्येष्ठ भगिनींनी त्यांच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. तीन कॅमेरे होते, चित्र उत्तम आले. पण ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून आपल्याकडे येणाऱ्या लाइनचे बटण शून्यावर राहिले होते, आणि हेडफोन लावून कोणीही ऐकले नाही. चूक आमची होती. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणवून घेऊ, असे ठरले. पुढच्या गणेशोत्सवाला त्या नव्हत्या. आज मंडळाकडे त्यांचे चाळीस मिनिटांचे चित्र आहे, आवाज नाही. म्हणून या टिपणात आवाजाबद्दल जरा जास्त लिहिले आहे.

थोडी पार्श्वभूमी

लोकांनी लोकांसाठी दूरचित्रवाणी चालवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच चालले. त्यात मध्य प्रदेशही होता. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून स्थानिक प्रश्नांवरचे कार्यक्रम दाखवले जाऊ लागले. १९८४ मध्ये अहमदाबादला ‘सेवा’ संस्थेच्या कष्टकरी महिला व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९९६ मध्ये झाबुआ जिल्ह्यात इस्रोने प्रकल्प सुरू केला, त्यात गावकऱ्यांना कार्यक्रम पाहून उलट प्रश्नही विचारता येत. तेव्हा ‘आम्हाला तांत्रिक काही कळत नाही’ ही सबब आपण कोणी सांगू नये.

अमेरिकेत अनेक शहरांत केबल कंपन्यांच्या निधीवर चालणारी सार्वजनिक केंद्रे आहेत. रहिवाशाने छोटे प्रशिक्षण पूर्ण केले की त्याला तिथून कॅमेरे नेता येतात. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्याला मागायचे ते महाविद्यालयाकडे, दुसऱ्या मंडळाकडे किंवा फ्रीगंजमधल्या लग्नाचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकाकडे.

उसने की भाड्याने?

दोन्हींत फरक आहे आणि तो कायद्यातही आहे. दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी ताब्यात घेऊन परत करणे याला बँकेत आम्ही ‘बेलमेंट’ म्हणत असू. भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये त्याचे नियम आहेत. आपल्या उपयोगाचे एवढे :

- कलम १५० : वस्तूतला माहीत असलेला दोष देणाऱ्याने सांगितला पाहिजे. भाड्याने दिली असेल तर माहीत नसलेल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीचीही जबाबदारी त्याची.
- कलम १५१ : घेणाऱ्याने ती वस्तू स्वतःची असल्यासारखी, सामान्य शहाणपणाने सांभाळली पाहिजे.
- कलम १५४ : ठरल्याहून वेगळ्या कामाला वापरल्यास त्यातून होणारे नुकसान घेणाऱ्याच्या माथी. मंडळासाठी आणलेला कॅमेरा घरच्या मुंजीला नेऊ नये तो यासाठी.
- कलम १५९ : फुकट दिलेली वस्तू देणारा मुदतीआधीही परत मागू शकतो. तुमचे त्यामुळे जास्त नुकसान झाले तर भरपाईचा प्रश्न येतो, पण ऐन वेळी कॅमेरा हातात नसतो हे खरे.
- कलम १६० व १६१ : मुदत संपताच न मागता परत करावे. उशिराच्या काळात काही बिघडले तर जबाबदारी आपली.

म्हणून मोठ्या कार्यक्रमाला निदान मिक्सर तरी भाड्याने घ्यावा आणि जादा कॅमेरे उसने आणावेत. पैसे मोजून आणलेल्या वस्तूची तारीख पक्की असते.

सुपूर्दनाम्याची वही

एक जाड वही ठेवावी. प्रत्येक वस्तूपुढे अनुक्रमांक, सध्याची स्थिती (लेन्सवर ओरखडा, सैल झालेली स्क्रू-प्लेट), बॅटऱ्या, चार्जर, केबल्स यांची संख्या, नेण्याची व परत करण्याची तारीख लिहावी. देणारा व घेणारा दोघांच्या सह्या घ्याव्यात. सामान उघडून मोबाइलवर फोटो काढावेत. अनामत दिली तर पावती घ्यावी. वस्तूंचा विमा आहे का आणि तो मालकाच्या ताब्याबाहेर लागू होतो का, हे विचारायला संकोच करू नये. परतीची सहीही याच पानावर घ्यावी. मैत्री टिकते ती हिशेब चोख राहिला म्हणूनच.

काय काय लागते

- तीन कॅमेरे, तीन तिपाया. तिन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे असले तर रंग जुळवणे सोपे जाते.
- व्हिडिओ मिक्सर. ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी किंवा तशा प्रकारचा, चार एचडीएमआय इनपुटचा मिक्सर आपल्या हॉलला पुरतो.
- केबल्स. साधी एचडीएमआय केबल १० ते १५ मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे एसडीआय केबल व कन्व्हर्टर घ्यावेत.
- ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून येणारी लाइन, शिवाय वेगळा रेकॉर्डर आणि कानावर बसणारा हेडफोन.
- ६०० व्हीएचा यूपीएस. मिक्सर, लॅपटॉप आणि राउटर यांना तो पुरेसा आहे.
- कापडी चिकटपट्टी. वायर सतरंजीखालून न्यावी आणि दारात चिकटपट्टीने पक्की करावी.

कॅमेरा घेतानाच दोन गोष्टी पाहाव्यात. एचडीएमआयमधून बॅटरीची खूण, आकडे वगैरे न येता स्वच्छ चित्र बाहेर पडते का? आणि कॅमेरा आपोआप बंद होणे थांबवता येते का? काही जुने फोटो-कॅमेरे सलग सुमारे ३० मिनिटांनंतर रेकॉर्डिंग थांबवतात.

कॅमेरे कुठे ठेवावेत

पहिला कॅमेरा मध्यभागी, मागे, उंचावर. त्यात पूर्ण रंगमंच दिसावा, आणि तो अजिबात हलवू नये. बाकी सगळे चुकले तरी हा वाचवतो. दुसरा त्याच्या शेजारी, जवळचे चित्र घेणारा, आणि त्यावर माणूस हवाच. तिसरा एका बाजूला : तबला, पेटी आणि अधूनमधून श्रोते. दुसऱ्या बाजूला कॅमेरा ठेवू नये, नाहीतर चित्र बदलताच बुवा डावीकडे पाहत होते ते उजवीकडे पाहू लागतात.

आपली वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून तिन्ही कॅमेरे सेकंदाला २५ किंवा ५० चौकटींवर आणि शटर १/५० वर ठेवावे. ३० किंवा ६० वर ठेवल्यास दिव्यांच्या प्रकाशात चित्र लुकलुकू शकते. पांढरा रंग आपोआप ठरवू देऊ नये. रंगमंचाचे दिवे लागल्यावर एकच पांढरा कागद धरून तिन्हींत तो निश्चित करावा.

संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाचे वेळापत्रक

- दुपारी ३ : सामान हॉलमध्ये. पाचनंतर चौकात खाण्याच्या गाड्यांची आणि वाहनांची गर्दी होते. तेव्हा रिक्षातून तिपाया उतरवणे अवघड.
- ४ : तिपाया, केबल्स, दिवे, रंग.
- ५ : आवाज. मिक्सरवरची लाइन ‘लाइन’ पातळीवर निवडावी, ‘माइक’वर नाही, नाहीतर आवाज फाटतो. घूं असा आवाज आल्यास मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. नंतर समोरून एक टाळी वाजवून रेकॉर्ड करावी. चित्रात हात एकत्र येण्याआधीच टाळी ऐकू आली तर आवाजाला विलंब द्यावा. २५ चौकटींवर एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद.
- ५.३० : पाच मिनिटांचे चाचणी प्रक्षेपण. एका सभासदाने घरी बसून ते पाहावे व ऐकावे आणि फोन करून सांगावे.
- ६ : हात लावणे बंद. चहा.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा सुरू करताना परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते दोन दिवस आधीच करून ठेवावे. पूर्ण एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, पण अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट असावा. श्रावण-भाद्रपदात महाकालाच्या सवारीच्या सोमवारी मोबाइल नेटवर विसंबू नये, तारेचे कनेक्शन घ्यावे.

कार्यक्रम चालू असताना

मिक्सरवर एकच माणूस आणि सूचना देणाराही तोच. ‘दोन तयार… दोन’ एवढेच बोलावे. ‘दोन’ म्हटल्यावर त्या कॅमेऱ्याने हलू नये. पूर्वरंगात चित्र सावकाश बदलावे. उत्तररंगात आख्यान रंगले की बुवांचा चेहरा सोडू नये. हेडफोनवरचा माणूस आवाज ऐकण्याखेरीज दुसरे कोणतेही काम करणार नाही. त्याला पाहुण्यांना पाणी द्यायलाही उठवू नये.

प्रत्येक कॅमेऱ्याने स्वतःच्या कार्डवरही रेकॉर्ड करावे. ५० एमबीपीएसने तासाला २२.५ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास चालते. मध्यंतरात कार्ड बदलावे.

संमती आणि हक्क

कलाकाराची आणि लहान मुलांच्या पालकांची संमती आधी घ्यावी. वर्गणीची यादी वाचताना थेट प्रक्षेपणाचा आवाज बंद करून गणपतीचे चित्र ठेवावे. कोणी किती दिले हे जगाला कळायचे कारण नाही. मध्यंतरात लावलेल्या चित्रपटगीतांमुळे यूट्यूब संपूर्ण चित्रफीत अडवू शकते, म्हणून तेव्हाही आवाज बंद. नाटक किंवा पदाचा हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यातले काही दाखवायचे तर परवानगी घ्यावी. स्थानिक केबलवाल्याला चित्रफीत दिल्यास केबल टेलिव्हिजन अधिनियम १९९५ खालील कार्यक्रम संहिता लागू होते, हेही लक्षात असावे.

नंतर

त्याच रात्री दोन प्रती कराव्यात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. फाइलच्या नावात तारीख, कार्यक्रम आणि कलाकार लिहावा. वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात. सामान मोजून, पुसून, बॅटऱ्या भरून मुदतीआधी परत करावे.

तरुण सभासदांपैकी दोघांनी पुढच्या कार्यक्रमाला दुपारी तीनला यावे. तिपाई कशी उघडायची इथपासून शिकवू. आणि हेडफोन पहिल्यांदा कोण लावणार, ते तिथेच ठरवू.