देवाचं इनाम, स्वामींचं व्याज

दाभोळच्या खाडीनं वर चिपळूणकडं गेलं की परशुरामाचं देऊळ लागतं. ब्रह्मेंद्रस्वामींनी ते वैभवाला आणलं. पेढे, आंबडस ही गावं देवाला इनाम. १७२७ साली दाभोळसमोरच्या अंजनवेलचा सिद्दी सात देऊळ लुटून गेला. स्वामी साताऱ्याकडं धावडशीला गेले; शाहूनं तेही गाव इनाम दिलं. संन्याशाचा धंदा काय? सावकारी! खुद्द पहिला बाजीराव त्यांचा कर्जदार. व्याजाचा तगादा त्यालाही चुकला नाही. १७३६ साली चिमाजी आप्पाच्या फौजेनं सिद्दी सात मारला. कुणी याला धर्मयुद्ध म्हणेल. आपण हिशोब मागायचा: इनामगावात राबलं कोण आणि खाल्लं कुणी? १९३७ साली बाबासाहेबांनी कोकणातल्या खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, तेव्हाही सवाल हाच होता.